दहाव्याला घाटावर जायचं नसेल तर

देव आहे की नाही, यावर कट्ट्यावर वाद घालणं सोपं. तालुक्याच्या गावात देव न मानता राहणाऱ्या माणसाची खरी अडचण वेगळीच असते. ती तारखांची, कागदांची आणि भावकीची. म्हणून परवा आमच्या कट्ट्यावर विषय निघाला तो थेट मयताचा: घरातलं माणूस गेलं आणि त्याला कुठलाही विधी नको होता, तर पहिल्या सहा तासांत करायचं काय?

मास्तरांचं म्हणणं सरळ होतं. धडधाकट असतानाच घरात सांगून ठेवायचं, आणि तेही एकट्या बायकोला नाही. भावाला आणि पुतण्यांनाही, कारण त्या दिवशी दारात बसणारे तेच.

अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ, वारी चुकत नाही. ते म्हणाले, "सांगून काय होतंय? चुलता येऊन बसला की पोरगं गप होतं. गेलेल्याला कोण विचारतंय?"

वकिलांनी अण्णांचीच बाजू घेतली. देहदानाचा अर्ज भरलेला असला तरी मागे राहिलेल्यांनी नकार दिला तर मेडिकल कॉलेज देह नेत नाही. शिवाय लोक ही इच्छा मृत्युपत्रात लिहितात आणि मृत्युपत्र राहतं कपाटात. ते बाहेर निघतं दहावा उरकल्यावर, जमिनीच्या बोलण्याच्या वेळी. त्यामुळे ही इच्छा वेगळ्या कागदावर हवी, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी, आणि त्याच्या प्रती किमान तीन घरांत.

पुढचं सिस्टरनी सांगितलं आणि ते सगळ्यांनी नीट ऐकावं असंच होतं. देहदानाचा अर्ज मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. मृत्यू घरी झाला तर आधी डॉक्टरकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यायचा. घरच्या मृत्यूला तो नमुना ४-अ मध्ये असतो, दवाखान्यातल्याला नमुना ४. मग कॉलेजला फोन, कारण रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी घ्यायला माणूस आहे की नाही ते आधीच कळलेलं बरं. गाडी बहुतेक वेळा घरच्यांनाच करावी लागते. शवागार नसेल तर सहा तासांच्या आत देह पोचायला हवा. अपघात, आत्महत्या, शवविच्छेदन झालेलं असेल, एचआयव्ही किंवा कावीळ ब असेल, अंगाला मोठे बेडसोअर असतील, तर देह नाकारतात. इथंच घरचे कोसळतात, कारण नकार मिळेल हे कुणी गृहीतच धरलेलं नसतं. मग घाईघाईत भटजींना बोलावणं जातं. म्हणून कागदावर दुसरी ओळ हवीच: 'देहदान शक्य न झाल्यास विधीविना दहन.'

"आणि डोळे?" अण्णांनीच विचारलं.

"डोळे जवळजवळ कुणाचेही चालतात," सिस्टर म्हणाल्या. "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला, तरी. पापण्या मिटवायच्या, वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, डोक्याखाली दोन उशा द्यायच्या आणि पंखा बंद करायचा. पंखा लोक विसरतात. उकडतंय म्हणून कुणीतरी चालू करतं आणि बुबुळ कोरडं पडतं. चार ते सहा तासांत नेत्रपेढीची माणसं घरी येतात, वीस मिनिटांचं काम. चेहरा बिघडत नाही."

दहनाबद्दल बोलताना मास्तर रक्षेवर आले. नदीत सोडायची नाही, शेतात टाकायची, इथवर आता पुष्कळ घरं आली आहेत. पण एकच खड्डा खणून सगळी रक्षा त्यात ओततात, वर आंब्याचं रोप लावतात आणि महिन्याभरात ते करपतं. मग गावात बोललं जातं की आत्म्याला शांती नाही. कारण मातीतलं आहे: राख खाऱ्या, अल्कधर्मी गुणाची, कोवळ्या मुळांना ती सोसत नाही. एका घमेल्याला चार-पाच घमेली माती आणि शेणखत मिसळावं, किंवा बांधाच्या कडेनं पातळ पसरून नांगरटीत जाऊ द्यावं. रोपाचं करपणं इतक्या वाईट वेळी घरच्यांच्या जिव्हारी लागतं, म्हणून एवढ्याशा गोष्टीला मी जपेन.

अण्णांचा मोठा आक्षेप दहाव्यावर होता. "मुंबईची, पुण्याची माणसं कधी येणार? पिंडाला कावळा शिवतो की नाही ते राहू दे. पण माणसं जमायला एक दिवस लागतो."

हे मास्तरांना पटलं आणि मलाही. विधी काढून टाकला आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही, तर नातेवाईक बिथरतात. तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी शोकसभा ठेवावी, तासाभराची, बोलणारे चार जण आधी ठरवून, नंतर सगळ्यांना साधं जेवण. आणि मृत्यू कळवण्याच्या पहिल्याच निरोपात ते लिहावं: 'इतर कोणताही विधी नाही, टोपी-टॉवेल आणू नयेत.' उशिरा कळवलं की पाहुणे दुखवट्याचे कपडे घेऊन आलेले असतात आणि ते परत करताना घरातल्या बाईला बोलणी बसतात.

बाईचा विषय निघाला तसे सिस्टर हेरवाडवर आल्या. शिरोळ तालुक्यातल्या या गावाच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. मग त्याच महिन्यात शासनानंही बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. तो ठराव करणारं गाव काही नास्तिक नव्हतं. अण्णा म्हणाले, "त्याला माझा कधीच विरोध नाही. बांगड्या फोडा असं माऊलींनी कुठं सांगितलंय?"

मग विधीशिवायच्या लग्नाचं निघालं. त्याबाबत एकच घोळ पुन्हा पुन्हा होतो. वकील त्यावर चिडूनच बोलले. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते ती झालेल्या लग्नाची नोंद. विधी केलाच नाही आणि नुसती नोंद घेतली, तर हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्नच ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये हे स्वच्छ सांगितलं आहे. विधी नकोच असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करावं. दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात तीस दिवसांचा रहिवास, मग नोटीस, ती तीस दिवस फलकावर, त्यानंतर तीन साक्षीदार. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद. लोक आधी हॉलची तारीख घेतात आणि वीस दिवस उरले असताना नोटीस द्यायला जातात. दोघंही कायद्याच्या नजरेत हिंदू असतील तर वारसाहक्कात काही बदलत नाही, हे सासरच्यांना आधीच समजावून सांगावं.

धर्माचा रकाना कोरा ठेवायचा असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे: धर्म सांगायची सक्ती शासन करू शकत नाही. पण अनुसूचित जातीच्या मुलाला हा सल्ला देण्याआधी दहा वेळा विचार करावा. १९५० च्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदू, शीख, बौद्ध यांनाच आहे. दाखला अडकला तर फी आपण भरणार नसतो.

सण-जत्रेच्या वर्गणीवर फार बोलणं झालं नाही. मास्तर म्हणाले, पाणपोई, रक्तदान, शाळेची खोली यासाठी द्यावी, पावती घ्यावी, आणि दरवर्षी ठरलेली रक्कम द्यावी म्हणजे रोज दारात वाद नको. वाळीत टाकण्यापर्यंत गेलं तर सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रारीला पुरावा लागतो. बैठक कुठल्या दिवशी झाली, कोण हजर होतं, दुकानदारानं माल कधी नाकारला, हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

उलटा प्रश्न अण्णांनी शेवटी टाकला. मुलगा नास्तिक, आई माळकरी. आई गेली तर?

वकील म्हणाले, मुलानं हात जोडले तर ते खोटं. मास्तरांना ते मान्य नव्हतं. आपल्या कागदाला जेवढा मान हवा, तेवढाच आईच्या इच्छेला द्यायचा. तिला दहावा हवा होता तर दहावा होणार, खर्च मुलानं करायचा, भात त्यानं शिजवायचा, पंगत त्यानं वाढायची. मंत्र म्हणायची सक्ती त्याच्यावर नको.

"पाणी पुतण्यानं दिलं तरी चालतं," अण्णा म्हणाले. "लेकीनं दिलं तरी चालतं. तू फक्त घाटावर उभा राहा. घरी बसू नको."

वकील यावर काही बोलले नाहीत. मास्तरांनी सिस्टरकडून कॉलेजचा फोन नंबर लिहून घेतला.