स्वस्त घरे आपोआप मिळत नव्हती

‘आमच्या वेळी एका पगारात घर चालायचे’ हे वाक्य वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले की तरुण मंडळी कंटाळतात. मला मात्र दर वेळी वाटते की या वाक्याकडे नुसते स्मरणरंजन म्हणून न पाहता हिशेब म्हणून पाहायला हवे. सगळे सुखात होते असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण लहानशा जागेत मोठी कुटुंबे दाटीवाटीने राहत होती, कर्ज सहजासहजी मिळत नव्हते आणि मिळाले तरी व्याज जबर असे. अमेरिकेत १९८१ साली गृहकर्जाचा दर १८ टक्क्यांच्याही वर गेला होता. तरीही मुद्दल आवाक्यातले असल्यामुळे अनेक सामान्य नोकरदारांना नोकरीत असतानाच त्या कर्जातून मोकळे होता येत होते.

आईची जमाखर्चाची वही मी जपून ठेवली आहे. प्रत्येक महिन्याच्या पानावर घरभाडे, किराणा, वीज, शाळेची फी, औषधपाणी अशा नोंदी एकाखाली एक केलेल्या आहेत आणि सर्वांत खाली दुहेरी रेघ ओढून ‘शिल्लक’ लिहिलेले आहे. काही महिन्यांत ही शिल्लक अगदीच किरकोळ आहे, कुठे उसनवारीचीही नोंद आहे. पण भाड्याचा आकडा त्या पानावरच्या इतर आकड्यांसारखाच एक आकडा आहे, तो बाकीच्यांना गिळून टाकत नाही. आज पगार जमा झाल्याचा संदेश येतो आणि त्यापाठोपाठ हप्ता कापला गेल्याचा. मग उरलेल्या पैशांत संसार बसवायचा आणि शिल्लक पडलीच तर ती पुढच्या भाडेवाढीसाठी राखून ठेवायची.

यावर एक उत्तर ठरलेले असते, की आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, कपडे आणि दूरदर्शन संच पूर्वीपेक्षा स्वस्त झाले आहेत, मग तक्रार कसली? हे खरे असले तरी या युक्तिवादात मोठी गफलत आहे. यंत्रावर भराभर तयार होणाऱ्या वस्तू स्वस्त झाल्या, आणि ज्यांच्यावाचून माणसाचे अडते त्या निवारा, शिक्षण आणि उपचार या गोष्टी अनेक देशांत उत्पन्नाच्या मानाने महागल्या. नवा मोबाईल घेणे वर्षभर पुढे ढकलता येते, मात्र घरभाडे एक महिनाही टाळता येत नाही.

घर महागले म्हणजे विटा-सिमेंट महागले, असा आपला समज असतो. १४ प्रगत देशांतील १८७० पासूनच्या घरांच्या किमती तपासणाऱ्या एका अभ्यासात दिसले, की दुसऱ्या महायुद्धानंतर झालेल्या वाढीचा सुमारे ८० टक्के भाग जमिनीच्या किमतीमुळे होता. जमीन काही कारखान्यात तयार होत नाही. तिच्याभोवती रस्ते, पाणी, शाळा आणि रोजगार सगळ्या समाजाच्या पैशांतून आणि कष्टांतून येतात आणि भाव मात्र मालकाचा वाढतो. त्यात स्वस्त कर्जाचा पूर आला आणि घर हे राहण्याऐवजी पैसा गुंतवण्याचे साधन झाले, तेव्हा पगारावर जगणाऱ्याने स्पर्धा तरी कुणाकुणाशी करायची?

म्हणूनच त्या काळाची आठवण काढताना मला एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते, की जिथे जिथे घरे सामान्यांच्या आवाक्यात होती तिथे ती बहुधा कुणीतरी जाणूनबुजून आवाक्यात ठेवलेली होती. सिंगापूरने १९६० साली गृहनिर्माण मंडळ स्थापन केले, १९६६ च्या कायद्याने जमीन संपादनाचे व्यापक अधिकार घेतले, आणि आज तिथले चारपैकी तिघांहून अधिक रहिवासी या मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. ब्रिटनमध्येही महायुद्धानंतर स्थानिक संस्थांनी लाखो घरे बांधून भाड्याने दिली होती. १९८० च्या कायद्याने ती भाडेकरूंना सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. ज्या कुटुंबांना स्वतःचे घर मिळाले त्यांचा आनंद खरा होता, पण विकलेल्या घरांच्या जागी तितकी नवी घरे बांधली गेली नाहीत आणि त्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागली.

तिशीतल्या मुलांना ‘जरा हात आखडून खर्च करा’ असा सल्ला दिला जातो तेव्हा मला मनापासून राग येतो, कारण यांपैकी अनेकजण माझ्या आईइतक्याच काटेकोरपणे हिशेब ठेवतात. काटकसर शिकवण्याऐवजी आपण त्यांच्यासाठी भाड्याची सार्वजनिक घरे मागायला हवीत. पहिल्या महायुद्धाने खंगलेल्या व्हिएन्ना शहराने १९२३ साली घरबांधणीसाठी वेगळा कर बसवला, त्याचा सर्वाधिक भार आलिशान घरांवर टाकला आणि १९३४ पर्यंत ६०,००० हून अधिक घरे उभी केली. त्यांपैकी १९३० साली खुल्या झालेल्या एका वसाहतीत १,३८२ घरांच्या जोडीला सामायिक धुलाईघरे, बालवाड्या आणि वाचनालयही होते. ती वसाहत आजही शहराच्या मालकीची आहे आणि तिथली घरे आजही भाड्यानेच दिली जातात.