जी भीती विकता येते तीच

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरात ओट्यावर काचेचे दोन पेले ठेवले होते. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात पाणी शुद्ध करायचं मशीन विकायला आलेल्या मुलाने सोबत आणलेल्या बाटलीतलं, त्या मशीनमधून काढलेलं. त्याने दोन्ही पेल्यांत सळ्या बुडवल्या, पिन लावली आणि बटण दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, मग वर गढूळ साका तरंगायला लागला. दुसरा पेला होता तसाच नितळ.

"काकू, हे तुम्ही रोज पिता," तो हळू आवाजात म्हणाला.

आई 76 वर्षांची आहे. पाणी उकळून, फडक्याने गाळून तिने आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. ती खुर्चीवर बसली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, तुम्हाला लहानपणी मी हेच पाजलं ना गं."

ते वाक्य मला सहन झालं नाही. मी वर्षातून तीन आठवडे येते, बाकी सगळा वेळ इंग्लंडमध्ये रेडिंगला. त्या तीन आठवड्यांत माझ्यासमोर, माझ्याच घरात, एका म्हाताऱ्या बाईला आपण मुलांचं वाईट केलं असं वाटायला लावलं गेलं, आणि तेही 18 हजारांचं मशीन खपवण्यासाठी.

मी बांदोडकर कॉलेजात रसायनशास्त्र शिकले. सळ्या लोखंडाच्या असल्या की त्यांतून वीज जाताना लोखंडच झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज होतो. तो रंग सळीचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते. मशीनच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात म्हणून वीज फारशी वाहत नाही आणि पाणी नितळ राहतं. घाणीचा इथे काही संबंध नाही. मी बरणीतलं चिमूटभर मीठ त्याच्या नितळ पेल्यात टाकलं, ढवळलं आणि म्हटलं, आता दाब बटण. ते पाणीही तसंच तपकिरी झालं. नळाच्या पाण्यापेक्षा लवकर.

तो मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, खरंच सांगतो, ट्रेनिंगमध्ये आम्हाला एवढंच शिकवलंय." मला त्याचा राग आला नाही. वय असेल बावीस-तेवीस. मुंब्र्याच्या पुढे दिवा स्टेशनजवळ राहतो, टार्गेट पूर्ण झालं तरच पगार पूर्ण.

त्याच्याच मीटरवर आमच्या नळाचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, 82 आला होता. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तो 500 पर्यंत चालतो. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांगितलं होतं की जिथे टीडीएस 500 पेक्षा कमी आहे तिथे आरओ, म्हणजे क्षार काढणारं असंच मशीन, वापरू देऊ नये, कारण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जातं आणि वाया जाणारं पाणी तर बादल्याच्या बादल्या. पुढे ते प्रकरण कोर्टात गेलं. घोडबंदरला ज्या सोसायट्या मे महिन्यात टँकरवर आणि बोअरवर असतात, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे मशीन लागूही शकतं. आणि जंतूंची भीती खरी आहे. जुन्या पाइपलाइनी, न धुतलेल्या टाक्या, पावसाळ्यातली कावीळ, हे सगळं ठाण्याने पाहिलं आहे. पण टीडीएसचा मीटर जंतू मोजतच नाही, आणि जंतूंवरचा उपाय आई रोज सकाळी गॅसवर करतच होती.

रेडिंगला परत आल्यावर मुलीला घेऊन मी दोन खिळे आणि एक बॅटरी लावून हाच प्रयोग केला. आमच्याकडचं पाणी जड, किटलीत पांढरा थर बसतो, टीडीएस 300 च्या वर. पाणी बघता बघता गढूळ झालं. हेच पाणी इथे सगळे नळाखाली पेला धरून पितात.

शाळेच्या ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा लगेच उत्तरं आली: आपल्याकडे मीडिया विकला गेलाय, तुमच्याकडे बरंय. मला हे मान्य नाही. इथली वर्तमानपत्रं भीती विकण्यात कुणाला हार जात नाहीत. 1998 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या 12 मुलांवरचा एक लेख आला आणि गोवराची लस व ऑटिझम यांचा संबंध असल्याची आवई उठली. पेपरांनी ती वर्षानुवर्षं चालवली. लसीकरण 80 टक्क्यांच्या आसपास घसरलं, गोवर परत आला. लेख मागे घेतला गेला 2010 मध्ये. माझ्या मुलीच्या लशीच्या वेळी, त्यानंतर इतक्या वर्षांनी, शेजारची आजी मला दारात थांबवून विचारत होती, "नक्की देणार का?"

फरक आहे तो एका छोट्या नियमात. इथल्या जाहिरात संहितेत लिहिलं आहे की सबळ कारण नसताना जाहिरातीने भीती निर्माण करू नये, आणि कारण असलं तरी ती अति नसावी. एका माणसाने तक्रार केली तरी चौकशी होऊ शकते. आपल्याकडे काहीच नाही असं नाही. मुंबईत जाहिरात मानक परिषद 1985 पासून आहे. 2019 च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. पण आईच्या वयाच्या बाईला तक्रार करायची म्हणजे लाज वाटते. आपणच फसलो, आता कुठे सांगत बसायचं.

भीती दाखवूच नये असं मी म्हणत नाही. 1987 मध्ये ब्रिटिश सरकारने एड्सबद्दल टीव्हीवर थडग्याच्या दगडाची जाहिरात दाखवली आणि घरोघरी पत्रक टाकलं. माणसं घाबरली. पण काय करायचं, काय टाळायचं हे त्या पत्रकात लिहिलेलं होतं, आणि सरकारला त्यातून नफा काढायचा नव्हता. भीतीसोबत हाताला काही करण्यासारखं दिलं तर माणूस सावध होतो. नुसतीच दिली तर तो टीव्हीसमोरून उठत नाही.

आईचा टीव्ही संध्याकाळी पाचला लागतो. 2019 च्या फेब्रुवारीत समतानगरच्या मॉलमध्ये बिबट्या शिरला होता, तेव्हा तीच ती सीसीटीव्हीतली दहा सेकंदं दिवसभर फिरत राहिली, मागे धडधडणारं संगीत. येऊरच्या डोंगरापाशी वसलेल्या शहरात बिबट्या दिसणं नवीन नाही, तो कुठल्या वाटेने येतो, का येतो, यावर कुणी बोललं नाही. मधल्या जाहिरातींत भिंतीवर हार घातलेला फोटो, शेजारी लहान मुलगा, विमा. मग दारातला कॅमेरा, "मुलं परदेशी, आई एकटी." ती जाहिरात लागली की आई चॅनल बदलत नाही, माझ्याकडे बघतही नाही.

फुकट वाटलेली भीती तर याहून महाग पडते. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवांनी. ते मंगळवेढ्याकडचे, पोटासाठी फिरणारे लोक होते. त्या अफवा पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांना वाटत असणार, आपण काळजीपोटी करतोय. आम्ही परदेशातली मुलंही तेच करतो. लांब असल्यामुळे काळजी दाखवायला दुसरं काही हाताशी नसतं, मग "आई, हे वाच," म्हणून क्लिप पाठवतो. मी हे आता बंद केलं आहे. पाठवण्याआधी फोन करते आणि आधी विचारते, जेवलीस का, गुडघा कसा आहे.

आणि जी भीती खरोखर दाखवायला हवी ती? 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर गच्च भरलेल्या दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या, दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, किमान चार जण गेले. दोन-तीन दिवस बातमी होती. मग संपली. त्या भीतीवर उपाय म्हणजे जास्त गाड्या, जास्त मार्ग, बंद होणारी दारं. तो एखाद्या खोक्यात घालून घरपोच देता येत नाही, म्हणून त्याला जाहिरातदार मिळत नाही. बिबट्या आठवडाभर चालतो, मुंब्रा तीन दिवस.

आईने त्या मुलाला चहा दिला. त्याच्याजवळचं पत्रक मी मागून घेतलं, त्यावर मोठ्या अक्षरांत "मुलांना विष पाजताय?" असं छापलेलं होतं. त्याचा फोटो काढून त्याच रात्री मी तक्रार पाठवली. आईने माझ्या शेजारी बसून ती वाचली आणि तिच्या नावाने पाठव म्हणाली.

जाताना तो मुलगा घड्याळ बघत होता. साडेसहानंतरच्या गाडीला आत शिरायलाच मिळत नाही म्हणाला, दारातच उभं राहावं लागतं, मुंब्र्यापर्यंत बॅग पोटाशी धरून. आईने त्याला विचारलं, "आणि तुझी आई?"

"ती फोन करते, दादा पोचलास का. रोज."