देव झोपले, पेमेंट अडकलं

नोकरी सोडून मी फ्रीलान्स इव्हेंट मॅनेजर झालो, ही बातमी आईने मावशीला फोनवर अशी दिली: ‘‘हल्ली घरीच असतो.’’

एका अर्थी खरंच आहे. आषाढी एकादशीला विष्णू जे झोपतात ते कार्तिकीलाच उठतात. तेवढे दिवस लग्नं नाहीत. मधे गणपतीत मंडळांची कामं येतात, पण त्यांना ‘सेवा’ म्हणतात आणि सेवेचं बिल लावायचं नसतं. तुळशीचं लग्न लागलं की माझा फोन वाजायला लागतो. कुंडीतल्या तुळशीला आमच्या घरात माझ्याइतकं मनापासून कुणीच पाणी घालत नाही.

पहिली कामं नात्यातूनच आली. ‘‘तू काय, घरचाच!’’ हे ऐकलं की कोटेशनमधले तीस टक्के गेले असं धरायचं. ‘‘तुला फोनवरूनच तर करायचंय’’ म्हटलं, की उरलेलेही.

लग्नाच्या दिवशी वरपक्ष मला वधूपक्षाचा समजतो, वधूपक्ष वरपक्षाचा आणि केटरर फुकट जेवायला आलेला. मुहूर्त 12 वाजून 37 मिनिटांचा. साडेबाराला गुरुजी माइकवरून पुकारतात, ‘‘मामांनी मुलीला घेऊन यावं.’’ मुलगी तयार, अंतरपाट तयार, मामा बेपत्ता! मग त्यांना शोधायला मी भटारखान्यापासून पार्किंगपर्यंत पळतो. करवलीने वर्णन दिलेलं असतं, ‘‘फेटा बांधलाय, आणि जरा चिडलेले दिसतील.’’ कार्यालयातला प्रत्येक पुरुष त्यात बसतो. शेवटी मामा फेटेवाल्यासमोरच्या रांगेत सापडतात, म्हणजे वर्णनातला निम्माच भाग खरा. इकडे मंगलाष्टकं उरकली की फोटोग्राफर ‘‘हार परत एकदा घाला’’ म्हणतो आणि गुरुजी त्याच्याकडे असे बघतात, की अक्षता जपून ठेवाव्याशा वाटतात. त्यांना दोन वाजता कोथरूडला दुसरं लग्न लावायचं असतं.

संध्याकाळी रिसेप्शन. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा नियम 2000 सालापासून आहे, पण नवरदेवाच्या मित्रांना तो दर वेळी माझ्याकडूनच पहिल्यांदा कळतो.

मग उरलेले पैसे. लग्नाआधी दिवसातून दहा फोन करणारे काका लग्नानंतर फार धार्मिक होतात. आज मांडवपरतणी, उद्या सत्यनारायण, परवा जोडप्याला घेऊन कुलदैवताला. देवळात असलेल्या माणसाकडे पैसे कसे मागणार?

कंपन्यांच्या कार्यक्रमांत देवाधर्माची अडचण नसते. तिथे बिल ‘प्रोसेसमध्ये’ असतं. सीए मित्राने उद्यम नोंदणी करायला लावली. 2006च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. मी सूक्ष्म आहे याबद्दल तर कुणाचंच दुमत नव्हतं. एका कंपनीच्या अकाउंट्समधल्या मॅडमना मी हे अतिशय नम्रपणे सांगितलं.

‘‘अरे वा, आधी नाही का सांगायचं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘सर्टिफिकेट पाठवा. व्हेंडर फॉर्म नव्याने भरू, बिलही नव्या तारखेचं द्या. मग तिथून मोजू 45 दिवस.’’