नेमका नेम कसा चुकवावा

अमेरिकेतल्या साउथ डकोटात जाऊन फेझंट, म्हणजे कोंबड्याच्या कुळातला लांब शेपटीचा रानपक्षी, मारणं यात काही विशेष नाही हो. त्या राज्यात माणसं नऊ लाखांच्या आसपास आणि सीझन बरा असला तर कोंबडे पडतात १० लाखांच्या वर, म्हणजे माणशी एक, पाळण्यातली पोरं धरून. तेव्हा तुम्ही एक कोंबडा पाडून आलात तर कोणी चहाला पण विचारणार नाही. पण दिवसभर चिखल तुडवून, २५ काडतुसांचा खोका संपवून, कोंबड्याचं एक पीस पण न हलवता परत यायचं असेल तर त्याला अभ्यास लागतो आणि तो माझा दांडगा आहे. गेली चार वर्षं मी दर ऑक्टोबरात मिनीॲपोलिसहून पाच तास गाडी हाकत ऑफिसातल्या एका मित्राच्या वडिलांच्या शेतावर जातो आणि तिथल्या पाखरांना हसवून येतो. म्हणून म्हटलं, विद्या आपल्याजवळच राहू नये.

आधी पक्षी समजून घ्या. हा काही तिथला नव्हे. मूळचा चीनकडचा, १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला ओवेन डेनी नावाच्या शांघायमधल्या अमेरिकन वकिलातीच्या साहेबाने बोटीत घालून ओरेगॉनला पाठवला. पहिली खेप बहुतेक वाटेतच गेली, दुसरी जगली आणि रुजली. साउथ डकोटात १९१९ साली स्पिंक काउंटीत पहिल्यांदा शिकारीला परवानगी मिळाली, ती पण फक्त एका दिवसाची, आणि १९४३ ला तर हा तिथला राज्यपक्षीच झाला. बघा म्हणजे, परदेशातून आला, मक्यात रमला आणि साठेक वर्षांत थेट राज्यपक्षी, आणि माझी ग्रीन कार्डची फाइल अजून रांगेत आहे. त्याच्यावर नेम धरताना माझा हात हलतो तो भीतीने नाही, असूयेने. (एच-वन व्हिसावाल्याला बंदूक हातात धरायची तर शिकारीचं लायसन्स लागतं, ते मी काढलंय, उगाच कळवू नका कोणाला.) बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला हे लायसन्स पाच-पाच दिवसांच्या दोन हप्त्यांत वापरता येतं, म्हणजे एका फीमध्ये दोनदा नामुष्की.

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार, सकाळी १० वाजता सुरुवात. निम्मे लोक केशरी जॅकेटं घालून शेताच्या एका टोकाला ओळ धरतात, बाकीचे पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहतात, आणि मग ओळ मक्यातून हळूहळू पुढे सरकते. लांबून बघाल तर दिंडीच वाटेल, फक्त टाळांऐवजी काडतुसं. या ओळीत चालताना पहिलं पथ्य म्हणजे पहिला अर्धा तास बंदूक एकदम तयारीत धरा, डोळे ताणा, प्रत्येक पाचोळ्याला दचका. फेझंट तेवढा वेळ उडत नाही. त्याला पाय आहेत आणि ते तुमच्यापेक्षा चांगले आहेत, तो ओळींमधून पळत राहतो. तुमचे खांदे भरून आले, मन घरी पोचलं, ईएमआय, मुलांचं मराठी शाळेचं होमवर्क वगैरे सुरू झालं की बरोब्बर तुमच्या बुटाखालून उठतो. मला स्वतःला कुंपण ओलांडायच्या वेळेवर फार भरवसा आहे, कारण तेव्हा नियमाप्रमाणे बंदूक रिकामी करावी लागते आणि एक पाय तारेच्या अलीकडे एक पलीकडे असतो. सँडविचचा पहिला घास हाही मुहूर्त चांगला. आणि पाणकणसाच्या आडोशाला लघवीला उभं राहिलात तर एक नाही, तीन उठतात आणि तिन्ही नर, हे मी अनुभवाने सांगतो, पुढचं विचारू नका.

आता उठतो म्हणजे कसा, तर शांतपणे नाही. पंखांचा फडफडाट आणि वर घशातून असं खरखरीत ओरडणं, की एसटी स्टँडवर झोपलेल्या माणसाच्या कानाशी कंडक्टरने घंटी मारावी. इथे तुम्हाला करायचं एकच आहे, घाई. अजिबात श्वास घेऊ नका, तो पाच पावलांवर असतानाच बार काढा. काडतुसात सहा नंबरचे पावणेतीनशेच्या आसपास छर्रे असतात, तीस-चाळीस यार्डांवर ते पसरून अडीच-तीन फुटांचा थाळा होतो आणि मग गावठी माणसाचा पण लागतो, पण पाच पावलांवर तो सगळा ऐवज मुठीएवढा असतो. म्हणजे तुम्ही शॉटगन घेऊन रायफलीचा नेम मारताय. आणि समजा चुकून लागलाच तर कोंबडा मिळत नाही, खिमा मिळतो. दोन्हीकडून फायदा.

घाईतला याहून वरचा प्रकार म्हणजे सेफ्टी, म्हणजे चाप अडवून ठेवणारी कळ, न काढता चाप ओढणे. पहिल्या वर्षी मी हे केलं. कोंबडा सुंदर उठला, उजवीकडून डावीकडे, उन्हात तांब्यासारखा चमकत होता, गळ्यातली ती पांढरी पट्टी पण दिसली मला, इतका वेळ होता. मी दस्ता खांद्याला लावला, चाप ओढला, काहीच नाही, परत ओढला, मग सगळ्या अंगाने पुढे रेटा दिला जसं काही बंद पडलेली रिक्षा ढकलतोय, आणि त्या रेट्यात तोंडावर पडलो. बंदूक शाबूत, सेफ्टी शाबूत, कोंबडा शाबूत. मित्राचे वडील दोन ओळी सोडून चालत होते, सत्तरीच्या पुढचे, दिवसाला दहा शब्द बोलणारे. ते थांबले, कोंबडा गेला त्या दिशेला बघितलं आणि म्हणाले, "घाबरला बरं का. आता तो नेब्रास्का येईपर्यंत थांबत नाही."

पण हे सगळं नवशिक्यांचं झालं. तुम्हाला खानदानी पद्धतीने चुकवायचं असेल तर शेपटीकडे बघा. नराची लांबी अडीच-तीन फूट आणि त्यातली निम्मी नुसती शेपूट, देवाने ती आपल्यासारख्यांसाठीच दिलीय. डोळा तिथे खिळला की हात तिथे जातो, आणि छर्रे शेपटीच्या मागच्या रिकाम्या आकाशात. त्यात तो आडवा चाललेला असेल, ताशी साठेक किलोमीटरने, तर चाळीस यार्डांवर त्याच्या पुढे सात-आठ फूट बार सोडावा लागतो, कारण छर्ऱ्यांना पोचायला सेकंदाचा आठवा-सातवा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात साहेब पुढे गेलेले असतात. हे गणित मला पाठ आहे. मी इंजिनियर आहे, एक्सेलमध्ये टेबल केलंय. आणि नेमकं बार काढायच्या क्षणी मी ते गणित आठवायला नळी हवेत थांबवतो, बस्स, थांबवली की मागेच. ज्यांना गणित येत नाही ते बिनडोकपणे नळी फिरवत राहतात आणि पाडतात. शिक्षणाचे तोटे.

माद्या मारायला बंदी आहे हे लक्षात ठेवाच, आणि या नियमाचा पण चुकवायला उपयोग करून घ्या. पक्षी उठला की ओळीतून कोणीतरी 'रूस्टर!' किंवा 'हेन!' ओरडतं. तुम्ही कान देऊन सगळ्यांचं मत ऐका, लोकशाही पाळा, सूर्य समोर असेल तर तपकिरी काय नि तांबडा काय सगळं काळंच दिसतं, तेव्हा खात्री करता करता तो क्षितिजावर टिंब झाला की मग मारा. आवाज होतो, समाधान मिळतं.

बार फुकट गेल्यावर पहिले तीन सेकंद फार महत्त्वाचे. बंदुकीकडे बघायचं. रागाने नाही, काळजीने, जसं डॉक्टर पेशंटकडे बघतात. मग चोक, म्हणजे छर्रे किती पसरायचे ते ठरवणारं नळीच्या तोंडाचं नळकांडं, कुठला लावलाय ते बघा आणि मान हलवा. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण काढणाऱ्याने शॉटगन बघितली नव्हती, हिचं अंगण खरंच स्क्रू फिरवून लहान-मोठं करता येतं. वारा, ऊन, नवीन जॅकेटचा जाड खांदा, काडतुसाची कंपनी, चष्म्याचा नंबर, हे क्रमाने वापरा, एकाच दिवशी सगळे संपवू नका. मी एकदा लंचच्या आधीच चष्म्यावर आलो होतो, दुपारी सांगायला काही उरलं नाही.

एकच चुकवणं मात्र करायचं नाही, आणि इथे मी मस्करी करत नाही. ११ फेब्रुवारी २००६ ला टेक्सासच्या एका रँचवर अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्रपती डिक चेनी लाव्यांच्या शिकारीला गेले, पक्षी उठला, ते त्याच्या मागे वळले, आणि २८ गेजच्या बंदुकीचे छर्रे लागले बरोबरच्या ७८ वर्षांच्या वकिलाला, हॅरी व्हिटिंग्टनना. ते वाचले. हॉस्पिटलातून बाहेर आल्यावर त्यांनीच चेनी आणि त्यांच्या घरच्यांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. छर्रे यांच्या तोंडावर आणि सॉरी पण यांचंच, असा सज्जन आपल्या ओळीत असेलच असं नाही. शिवाय चेनींनी शिकारीच्या परवान्याला लागणारा ७ डॉलरचा पक्ष्यांचा स्टॅम्प घेतला नव्हता म्हणून तिथल्या वन्यजीव खात्याने त्यांना समज दिली ती वेगळीच. तेव्हा पक्ष्याच्या खाली आकाश दिसत नसेल तर बोट चापावर जाताच कामा नये. कोंबडा गेला तर गेला. मी चार वर्षं घालवतोय, काही बिघडत नाही.

बिघडतं ते फक्त कुत्र्यांपुढे. मित्राकडे काळी लॅब्राडोर आहे, नाव सांगत नाही कारण ती मला ओळखते. बिचारी वास काढत, काट्यातून अंग ओढत पक्षी उठवून देते, बार ऐकते, आणि आकाशातून काही पडायची वाट बघत मान वर करून उभी राहते. मग माझ्याकडे बघते. एवढं सभ्य बघणं मी मॅनेजरचं अप्रेझलला पण बघितलेलं नाही. दुसऱ्या चुकीनंतर ती फक्त अर्धी मान वळवते. दुपारनंतर ती मित्राच्या वडिलांच्या बाजूने चालायला लागते.

मागच्या वर्षी शेवटची फेरी मायलोतून होती. मायलो मायलो म्हणून काय म्हणतात म्हणून बघितलं तर ज्वारी! बुटकी, लाल दाण्याची, फेझंटांना थंडीत खायला मिळावं म्हणून मुद्दाम पेरलेली, पण ज्वारीच. मी मंगळवेढ्याकडचा. आमच्या मालदांडीत लहानपणी माळ्यावर उभं राहून पाखरं राखायचं काम माझ्याकडे असायचं, हातात गोफण, बाजूला खड्यांचा ढीग, दिवसभर नुसतं हाऽऽ हुर्रऽऽ करत खडे भिरकवायचे. एकही पाखराला कधी लागला नाही आणि त्याबद्दल कधी कोणी बोललं नाही. वडील माळकरी, लागला असता तर मलाच जेवण मिळालं नसतं. संध्याकाळी आई कणसांवरून नजर फिरवायची आणि भाकरी वाढायची, एवढाच हिशेब. आणि तिकडे वन्यजीव कायद्यामुळे तित्तर-लाव्यावर बंदूक रोखायची सोयच नाही, त्यामुळे प्रॅक्टिस होणार कुठून, हे एक कारण यादीत राहिलंच होतं बघा.

तर त्या मायलोतून शेवटचे चार बार काढले, चारही वर. मोटेलवर येऊन बूट काढता काढता आईला फोन लावला, तिकडे सकाळ झाली होती. म्हणाली, कुठं गेलावतास? म्हटलं पाखरं मारायला, ज्वारीत. जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "लागलं का एखादं?"

"न्हाय."

"आन् कणसं?"

म्हटलं, हायत की, समदी.