सांगाडा काढल्याने घोड्याच्या पाठीवरचा भार नाहीसा होत नाही

सांगाडा नसलेल्या, म्हणजेच ‘ट्रीलेस’ खोगिरांविषयी एक दावा घोडेस्वारांमध्ये मोठ्या विश्वासाने पसरवला जातो. तो थोडक्यात असा : खोगिराच्या आतला लाकडाचा, धातूचा किंवा फायबरचा टणक सांगाडा हेच घोड्याच्या पाठदुखीचे मूळ आहे, तो काढून टाकला की खोगीर कोणत्याही घोड्याला आपोआप बसते, पाठीवरचा दाब नाहीसा होतो, आणि प्राचीन स्वार असेच बसत असल्यामुळे हीच नैसर्गिक पद्धत आहे. पुरावा म्हणून स्वारांचे अनुभव सांगितले जातात. हे अनुभव प्रामाणिक आहेत, याबद्दल मला शंका नाही. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे आणि त्याची किंमत घोड्याला मोजावी लागते.

प्रथम दाबाचा मुद्दा पाहू. सांगाडा काढला तरी स्वाराचे वजन तेवढेच राहते, आणि दुडक्या चालीत बसून राहणाऱ्या स्वाराचा भार पाठीवर पडताना काही क्षण त्याच्या वजनाच्या सुमारे दुपटीपर्यंत जातो. हा भार किती क्षेत्रफळावर पसरतो यावर दाब ठरतो. मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर भार पसरवणे आणि मणक्यांची वरची टोके मोकळी ठेवणे, एवढ्यासाठीच सांगाडा असतो. त्याच त्या घोड्यांवर दोन्ही प्रकारची खोगिरे ठेवून दाबमापक चादरीने केलेल्या मोजमापांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सांगाडा नसलेल्या खोगिराखाली भार कमी जागेवर पडला आणि स्वाराच्या बैठकीच्या हाडांखाली दाब एकवटलेला दिसला. खोगिराविना स्वारीच्या मोजमापांतही असेच चित्र आढळले. ही मोजमापे ठरावीक नमुन्यांची आहेत आणि प्रत्येक ट्रीलेस खोगिराला ती तंतोतंत लागू होतील असे नाही, हे मला मान्य आहे. परंतु ‘दाब नाहीसा होतो’ या सरसकट विधानाला त्यांनंतर जागा उरत नाही.

याच मुद्द्याची एक बाजू चर्चेत फारशी येत नाही, ती रिकिबींची, म्हणजे स्वार पाय ठेवतो त्या कड्यांची. सांगाड्याच्या खोगिरात रिकिबीचा पट्टा सांगाड्यालाच अडकवलेला असतो, त्यामुळे स्वार रिकिबीत उभा राहिला तरी त्याचा भार संपूर्ण बैठकीखाली विभागला जातो. सांगाडा नसेल, तर अनेक रचनांमध्ये दोन्ही रिकिबींचा भार पाठीवरून आडव्या जाणाऱ्या एका पट्ट्यावर येतो, आणि तो पट्टा खांद्यांच्या उंचवट्यामागे, नेमक्या नाजूक जागी ओढला जातो. शांतपणे चालत फेरी मारणाऱ्याला हे जाणवणारही नाही. दुडक्या चालीत प्रत्येक ठेक्याला उठणाऱ्या, चढावर पुढे झुकणाऱ्या किंवा अडथळ्यावरून उडी घेणाऱ्या स्वाराच्या घोड्याला मात्र ते प्रत्येक वेळी सोसावे लागते. म्हणूनच अशा खोगिराखाली मणक्याची जागा मोकळी सोडणारा, आत जाड भरणीच्या पट्ट्या असलेला खास नमदा, म्हणजे खोगिराखालचे अंथरण, वापरायला सांगतात. तो नमदा ही ऐच्छिक वस्तू नाही. सांगाड्याने सोडलेले काम तो काही प्रमाणात करत असतो.

आता अनुभवांकडे वळतो, कारण या दाव्याचे खरे बळ तिथे आहे. खोगीर बदलताच घोडा पुढचे पाय मोकळेपणाने टाकू लागला, पाठ उचलू लागला, तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येईनासा झाला, असे अनेक स्वार सांगतात. हे घडते, आणि त्याचे कारणही उघड आहे : आधीचे खोगीर बहुधा अरुंद होते आणि खांद्याच्या फऱ्याला अडत होते. अडचण गेल्यावर घोडा मोकळा होणारच. पण त्या घोड्याला योग्य रुंदीचे सांगाड्याचे खोगीर दिले असते तर काय झाले असते, ही तुलना या कथनांत क्वचितच असते. शिवाय सुधारणा पहिल्याच दिवशी दिसते, तर बैठकीखालच्या स्नायूंचा दुखरेपणा आणि तिथे उगवणारे पांढरे केस यांना वेळ लागतो. पहिल्या आनंदात सांगितलेला अनुभव नंतर कोणी दुरुस्त करत नाही.

‘कोणत्याही घोड्याला बसते’ हे म्हणणे तर स्वारांच्या स्वतःच्या तक्रारींशीच जुळत नाही. गोल, रुंद, खांद्यांचा उंचवटा जवळजवळ नसलेल्या पाठीवर असे खोगीर बाजूला फिरते, म्हणून ठोकळ्यावर उभे राहून चढावे लागते. मग ते फिरू नये म्हणून तंग जास्त आवळला जातो आणि त्रास पाठीवरून छातीकडे सरकतो. उंच उंचवटा आणि उठून दिसणारा कणा असलेल्या पाठीवर ते खाली बसून हाडावर टेकते. रुंद बैठकीमुळे स्वाराचे कंबरेचे सांधे ताणले जातात, अशीही तक्रार असते. ज्याची पाठ अजून भरत आहे अशा तरुण घोड्यासाठी, किंवा जिला बेताचा सांगाडा मिळतच नाही अशा आखूड पाठीसाठी, हलका आणि समतोल बसणारा स्वार असेल तर हे खोगीर चांगला पर्याय ठरू शकते. मात्र ती त्या जोडीपुरती निवड झाली.

प्राचीनतेचा दाखला लवकर निकालात निघतो. सैबेरियातील पाझिरिक येथील प्राचीन थडग्यांत सापडलेली खोगिरे पूर्ण सांगाड्याची नाहीत, हे खरे. पण त्यांतही मणक्याच्या दोन्ही बाजूंना भरलेल्या दोन वेगळ्या गाद्या आहेत, आणि रिकिबी नाहीत, म्हणजे त्यांच्या भाराचा प्रश्नच तिथे नव्हता.

ज्यांच्याकडे असे खोगीर आहे, त्यांनी ते टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. स्वारीनंतर नमदा उचलून मणक्याच्या रेषेवर केस दबलेले आहेत का ते पाहावे. घामाच्या मध्ये सुटलेल्या कोरड्या जागेवरून लगेच निष्कर्ष काढू नये, कारण ती जागा अति दाबानेही कोरडी राहू शकते आणि स्पर्शच न झाल्यानेही. त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही बोटांच्या टोकांनी बैठकीखालचे स्नायू दाबत जावेत; घोडा पाठ खाली घालत असेल किंवा कातडी थरथरवत असेल, तर आधी स्वारी थांबवावी आणि नंतर नमदा, रिकिबीचा पट्टा व शेवटी खोगीर, या क्रमाने तपास करावा.