मैदानावरच्या बाथरूमची किल्ली

कोथरूडच्या एका मैदानावर मी सहा वर्षं संध्याकाळी मुलींचा खो-खो घेते. पाचवी-सहावीत तीसेक मुली असतात, नववीपर्यंत सात-आठ उरतात. गळतात त्या काही कच्च्या नसतात. गेल्या वर्षीची एक तर खांबाशी असा सूर मारून गडी टिपायची की बाजूला क्रिकेट खेळणारी पोरंही थांबून बघायची. जूनपासून यायची बंद झाली. घरी गेले, तर आई म्हणाली, "ताई, आता ती शहाणी झाली. पुरे झालं खेळणं." निघाले तशी मुलगी जिन्यात मागोमाग आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तिथे पॅड कुठे बदलायचं?"

मैदानावर बाथरूम आहे. त्याला कुलूप असतं, किल्ली वॉचमनकाकांकडे आणि काका सहाला घरी जातात. आमचा सराव साडेसातपर्यंत चालतो. इतकी वर्षं ते कुलूप मला रोज दिसत होतं, पण मी कधी विचारलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी किल्ली मिळवायला दोन महिने अर्ज आणि खेटे. आता आत बादली आहे, झाकणाचा डबा आहे, आतून लागणारी कडी आहे. मैदानापासून बसस्टॉपपर्यंतच्या अंधाऱ्या गल्लीतून मुलींना सोडायला आयांनी पाळ्या लावल्यात. ती मुलगी दिवाळीनंतर परत आली. आईच घेऊन आली.

खो-खोचे नियम पहिल्यांदा बांधले गेले ते आपल्या डेक्कन जिमखान्यावर, १९१४ साली. महिला क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धाही पुण्यातच झाली, १९७३ मध्ये, अवघ्या तीन संघांची. जानेवारी २०२५ मध्ये प्रियांका इंगळेच्या संघानं खो-खोचा विश्वचषक आणला, नोव्हेंबरात हरमनप्रीतच्या संघानं क्रिकेटचा. दोन्ही वेळा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवले. आनंद खराच होता. पण मुलींना जिद्द शिकवायची भाषणं आता थांबवा, जिद्द त्यांच्याकडे भरपूर आहे. तुमच्या जवळच्या मैदानावर संध्याकाळी सातला जा आणि बाथरूमचं दार ढकलून बघा. उघडत नसेल तर किल्ली कुणाकडे आहे ते विचारा, आणि मिळेपर्यंत विचारत राहा.

आमच्याकडे बुधवारी शेवटच्या दोघींना सोडायला कुणी नाहीये. कोथरूड डेपोच्या बाजूला राहणाऱ्या कुणाला जमत असेल, तर मेसेज करा.