नळ बदलायला पुश-फिट? आधी भिंतीतले आटे बघा

मिरजेच्या काकांचा फोन: "पुश-फिट मागवलंय, पाइप किती कापू?" पुश-फिट म्हणजे पाइपच्या टोकावर नुसता ढकलून बसवायचा जोड. पण नळ बदलायला पाइप कापायचा कशाला? फिरता मेसेज मात्र तेच सांगतोय. "कुठल्याही पाइपवर ढकला, 2 मिनिटांत नळ तयार. टेफ्लॉन नको, सोल्युशन नको."

(टेफ्लॉन म्हणजे आट्यांवर गुंडाळायची टेप, सोल्युशन म्हणजे प्लॅस्टिकचे पाइप चिकटवायचं द्रावण.) अहो, बाथरूमचा बिबकॉक, म्हणजे भिंतीतून निघणारा नळ, भिंतीतल्या पितळी आटे असलेल्या प्लॅस्टिकच्या एल्बोत (काटकोनी जोडात) फिरवून बसतो. बेसिनवरचा उभा नळ, म्हणजे पिलर कॉक, कनेक्शन पाइपने भिंतीतल्या छोट्या व्हॉल्व्हला, म्हणजे अँगल कॉकला, जोडलेला असतो, तिथे रबरी वॉशर पाणी अडवतो. ढकलायला उघडा पाइप आहेच कुठे? टाइल फोडली तरच मिळेल! आणि बिबकॉकला टेफ्लॉन लागतंच. नळाच्या आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने, ताणून 10-12 वेढे. उलटे गुंडाळले तर नळ फिरवताना टेप सुटून गोळा होते. आधी हाताने आवळा, शेवटी थोडा पाना. पान्यावर लोंबकळलात तर प्लॅस्टिकचा एल्बो भिंतीतच चिरतो आणि ओल पलीकडच्या खोलीत दिसते.

"कुठल्याही पाइपवर" हे तर सगळ्यात घातक. पुश-फिटमध्ये स्टीलची दातेरी रिंग पाइप पकडते, ओ-रिंग (रबरी कडी) पाणी अडवते. दोन्हींचं काम पाइपच्या बाहेरच्या व्यासावर चालतं. आयएस 15778 या भारतीय मानकाप्रमाणे अर्धा इंची सीपीव्हीसीचा (गरम-थंड पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपचा) बाहेरचा व्यास 15.9 मिमी. ऑनलाइन मिळणारं 15 मिमीचं विलायती मापाचं फिटिंग त्यावर जाणारच नाही. मग कुणी पॉलिश पेपरने पाइप घासतो. त्या ओरखड्यांतून पाणी झिरपतं. साताऱ्याच्या पेठांतल्या जुन्या घरांत जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, निघाला तर अर्धा इंचीच पाइप बाहेरून साधारण 21.3 मिमी, वर गंजाचे फोड. त्यावर ओ-रिंग काय बसणार?

2 मिनिटं? तेवढी तर व्हॉल्व्ह बंद करून पाइपातलं पाणी उतरायलाच जातात.

एक मात्र मानावं लागेल. टाकीचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल आणि पाइपातून थेंब येत असतील, तर ओल्यावर सोल्युशन धरत नाही. योग्य मापाचं पुश-फिट धरतं, पाणीही लगेच सोडता येतं. पण पाइप कटरनेच कापा. करवतीची कुसळं ओ-रिंग फाडतात, म्हणून कड घासून गुळगुळीत करा. फिटिंगच्या पत्रकात दिलेली खोली, अर्ध्या इंचीला साधारण 25 मिमी, पेनने आखून तिथपर्यंत ढकला. तेही उघड्यावरच्या पाइपला. भिंतीत गाडून वर टाइल बसवायची असेल, तर व्हॉल्व्ह आधी दुरुस्त करून सोल्युशनचाच जोड घ्या.